रुमालाखालची नऊ बोटं

फार जुन्या काळची गोष्ट आहे. किती जुन्या, ते मला विचारू नका. माझ्या आजानं ती ऐकली तेव्हाही ती जुनीच होती म्हणे. लहानांनी पुढं सरकून बसावं. मोठ्यांनी मागं बसलं तरी चालेल, पण कान इकडं ठेवावा, कारण या गोष्टीत चुकलेत ते मोठेच.

एका राज्यात एक उंच पठार होतं. पठारावर अकरा वाड्या होत्या आणि पायथ्याशी एक बाजाराचं गाव होतं. त्या गावात येसबा नावाचा गाडीवान राहायचा.

आता गाडीवान काय, गावोगाव असतात. पण येसबाचा धंदा निराळा होता. लोक घोड्यावर बसून प्रवास करतात, आणि हा घोड्यालाच गाडीत घालून न्यायचा! हसताय कशाला? घोडी गाभण असली, घोडा लंगडा झाला, तर त्याला घाट चालवत कसा न्याल? त्यासाठी येसबानं आपल्या हातानं एक गाडा बनवला होता. बुटका, लांब, दोन्ही बाजूंना उंच कठडे, चढण्या-उतरण्यासाठी मागं रुंद फळ्या. वरून एक जाड पट्टा सोडलेला असायचा. तो घोड्याच्या पोटाखालून घेतला की दुखऱ्या पायावर फार भार येत नसे. सगळ्या मुलखात असा गाडा एकच होता, आणि येसबाला त्याचा भारी अभिमान होता.

माणूस तसा सज्जन. कुणाच्या जनावराला चाबूक दाखवायचा नाही. घोडा गाड्यात चढवण्याआधी त्याच्या कपाळावर हात ठेवून "चल रे राजा, जरा फिरून येऊ" म्हणायचा. खोड एकच होती. मनाला लागलं की बोलायचं सोडून द्यायचा. तोंड मिटायचं आणि आत धुमसत राहायचं. अशी माणसं तुमच्या घरात असतील, तर मी काय म्हणतो ते तुम्हाला कळेल.

पठारावरच्या अकरा वाड्यांना मिळून एक वैद्यबुवा होते. वय झालेलं, अंगकाठी वाळलेली, पण काम दांडगं. त्यांच्याकडे पाखरी नावाची एक तांबूस घोडी होती. सकाळी पाखरीवर औषधाच्या पिशव्या टाकायच्या आणि निघायचं. एका दिवसात तीन वाड्या व्हायच्या. कुणाचा ताप, कुणाला विंचू चावलेला, कुणी बाळंतीण. पाखरीच्या टापा ऐकल्या की अर्धं दुखणं तिथंच बरं होतं, असं वाडीतल्या बाया म्हणायच्या. पाखरी नसती तर त्या वयात वैद्यबुवांना दिवसाला एक वाडीसुद्धा जमली नसती.

एका सकाळी पाखरीचा पुढचा उजवा पाय दोन दगडांच्या फटीत गेला. पाय मोडला नाही, पण आतली शीर चांगलीच ताणली. घोडी तीन पायांवर उभी राहिली आणि चौथा टेकवेना. वैद्यबुवा माणसांचे वैद्य. त्यांनी लेप लावले, शेक दिला, काही उपयोग झाला नाही.

घाटापलीकडे नदीकाठी एक सलोत्री होता, म्हणजे घोड्यांचा वैद्य. वैद्यबुवांनी विचारणा केली, तेव्हा त्यानं एका वाटसरूबरोबर निरोप धाडला. "घोडी घेऊन या. दोन महिन्यांत पळवून दाखवतो. पण चालवत आणू नका, आणि वाटेत त्या पायाला धक्का बसू देऊ नका. धक्का बसला तर मग माझ्याही हातात काही नाही."

म्हणजे सगळं त्या वाटेवर येऊन ठेपलं होतं. घोडी नीट पोचली तर अकरा वाड्यांचा वैद्य पुन्हा घोड्यावर, नाही तर नाही.

वाडीवाल्यांनी आपापसात गोळा करून दहा होन वैद्यबुवांच्या हातात ठेवले. पठारावर गाडा चढत नसे, म्हणून वैद्यबुवा ते कनवटीला लावून, पाखरीला पायथ्यापर्यंत तेवढं हळूहळू लंगडत उतरवून, बाजाराच्या दिवशी येसबाकडे आले.

येसबानं आधी घोडी बघितली. गुडघ्यावर बसून त्यानं तिचा पाय हातात घेतला, बोटांनी चाचपला. पाखरीनं त्याच्या पागोट्याला नाक लावलं आणि फुरफुरली.

"गुणाची आहे हो," येसबा म्हणाला.

"माझ्या अकरा वाड्या हिच्या पाठीवर आहेत, येसबा," वैद्यबुवा म्हणाले. "सांभाळून नेशील ना?"

"वैद्यबुवा, हे काय विचारणं झालं? माझ्या लेकीसारखी नेतो."

इथवर सगळं छान झालं. आता भाव ठरवायचा होता. आणि त्या बाजारात भाव ठरवायची एक रीत होती.

ती अशी. दोघांनी समोरासमोर बसायचं. हातांवर एक रुमाल टाकायचा. रुमालाखाली एकानं दुसऱ्याची बोटं धरायची. एक बोट म्हणजे एक होन. पाच बोटं दाबली तर पाच, मग आणखी चार दाबली तर नऊ. समोरच्याला जास्त वाटलं तर तो कमी बोटं दाबणार. असं होत होत दोघांचं जुळलं की रुमाल उचलायचा. आणि या सगळ्यात तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. रुमाल पडल्यावर बोलला तो कच्चा, आणि रुमाल उचलल्यावर भावाबद्दल बोलला तो खोटा, असं त्या बाजारात मानायचे. भांडणं होऊ नयेत म्हणून कुण्या शहाण्यानं ही रीत पाडली होती. भांडणं खरंच होत नव्हती. बाकी काय काय होत होतं, ते ऐका.

येसबानं वैद्यबुवांची बोटं दाबली. आधी पाच, मग चार. नऊ होन.

हे नऊ त्यानं हवेतून काढलेले नव्हते. पाय बघतानाच त्याचा हिशेब मनात झाला होता. चार होन वाटेचे, म्हणजे बैलांची वैरण, घाटाचा नाका, स्वतःची भाकरी. पाचवा गाड्यात टाकायच्या गवताचा. घोडीच्या पायाखाली गुडघाभर मऊ गवत हवं आणि ते रोज बदलायला हवं. सहावा घाटात पुढं जुंपायच्या दुसऱ्या बैलजोडीचा, कारण एक जोडी चढावर हिसके मारते. सातवा सोबतीच्या गड्याचा. उतारावर चाकाला उटी, म्हणजे अडसर, लावायला आणि घोडीचं डोकं धरायला माणूस लागतो. आठवा मुक्कामांचा. दर चार कोसांवर घोडी खाली उतरवायची, पाय मोकळा करू द्यायचा, म्हणजे चार दिवसांची वाट सहा दिवसांची होणार, आणि त्या दोन दिवसांचंही खाणं आलंच. नववा येसबाचा स्वतःचा. तो घरी यायचा.

नऊ बोटं, नऊ कारणं. पण रुमालाखाली बोट कळतं, कारण कळत नाही.

वैद्यबुवांनी चार बोटं दाबली.

येसबाच्या कपाळाला आठी पडली. चार? चार होनांत माझे बैल घाट बघून परत येतील, घोडी कशात नेऊ? त्यानं पुन्हा नऊ दाबले. वैद्यबुवांनी पुन्हा चार.

शेजारी हणमा नावाचा दुसरा गाडीवान दगडावर बसून दात कोरत होता. त्याची साधी गाडी होती, आणि तिला वीस दिवस रोज भाडं मिळत होतं. येसबाचा गाडा वीस दिवस रिकामा होता. हणमा नुसता बघत होता आणि हसत होता. येसबाला वाटलं, हे गिऱ्हाईक उठलं तर सरळ हणमाकडे जाणार. तो घोडीला ज्वारीच्या पोत्यासारखी टाकून नेणार. त्यापेक्षा आपण नेलेली बरी.

आणि मनात आणखी एक गोष्ट डाचली. या म्हाताऱ्याला घोडीची किंमत नाही. तोंडानं अकरा वाड्या म्हणतो आणि बोटांनी चार होन. मग मलाच काय एवढं पडलंय?

झालं. तोंड मिटलं ते मिटलंच.

येसबानं आठ दाबले. मनात म्हणाला, गेली दुसरी जोडी. घाटात जरा हळू चढू.

वैद्यबुवांनी चारच दाबले.

येसबानं सात दाबले. मुक्काम गेले. सलग गेलं की लवकर पोचू, घोडीचाच त्रास वाचेल.

वैद्यबुवा जरा थांबले आणि त्यांनी पाच दाबले.

येसबानं सहा दाबले. सोबतीचा गडी गेला. उटी काय, मीच उतरून लावीन.

वैद्यबुवांनी पुन्हा पाच.

येसबानं पाच दाबले. गवत गेलं. म्हणजे अगदीच गेलं नाही, घरचं आहे तेवढं टाकू.

रुमाल उचलला. हणमानं थुंकून मान फिरवली. वैद्यबुवांनी पाच होन मोजून दिले. सौदा झाला.

आता तुम्ही मला सांगा, चार होन वाटेचे, मग पाचवा कोणता उरला? बरोबर. येसबाचा स्वतःचा. घोडीच्या वाटची चार बोटं एकामागून एक मिटली, आणि त्याचं स्वतःचं एक बोट शेवटपर्यंत ताठ राहिलं. त्यानं ते मुद्दाम केलं नव्हतं. घरी पीठ संपत आलं होतं आणि ते बोट पिठाचं होतं. पण तिथं बसून "बुवा, पाचात घोडी नीट पोचायची नाही, का ते सांगतो" एवढं वाक्य तो बोलला असता, तर ही गोष्ट मला सांगावी लागली नसती.

वैद्यबुवांनी पाखरीच्या मानेवरून हात फिरवला. पठारावर तापाची साथ होती, त्यांना लगेच माघारी जायचं होतं. "मी पायवाटेनं सहाव्या दिवशी सलोत्र्याकडे पोचतो," ते म्हणाले. "तूही सहाव्याच दिवशी येशील ना?"

"येईन," येसबा म्हणाला. चार दिवसांत येईन, असं तो म्हणाला नाही. रुमाल उचलला गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसबा गाडा जुंपायला लागला. त्याची बायको सारजा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. बाई तोंडाची फटकळ, पण नजर पक्की.

"हे काय? गवत एवढंच?"

"ठरलंय तेवढं आहे."

"आणि दुसरी जोडी? गडी कुठाय?"

"पाच होनांत काय फौज नेऊ? ठरलंय ना एकदा!"

सारजानं पाखरीकडे बघितलं. घोडी तीन पायांवर उभी होती आणि तिच्याकडेच बघत होती.

"तुमचं आणि बुवांचं ठरलं," सारजा म्हणाली. "तिच्याशी कुणी ठरवलंय का?"

"तू आत जा," येसबा म्हणाला. सारजा गेली नाही. गाडा दिसेनासा होईपर्यंत ती दारातच उभी होती.

पहिला दिवस बरा गेला. सपाट वाट होती. येसबा मधून मधून मागं वळून बघायचा. पाखरी पट्ट्यावर भार टाकून उभी होती. दुपारपर्यंत गवत चेपून फळीला चिकटलं. चार कोस झाले तेव्हा येसबानं बैल थांबवले. घोडीला उतरवायला हवं होतं. पण उतरवायला एकानं फळ्या सांभाळायच्या, दुसऱ्यानं डोकं धरायचं. एकट्या माणसानं काय काय धरायचं? तो गाड्याभोवती दोनदा फिरला, घोडीला बादलीनं पाणी दाखवलं आणि पुन्हा धुरेवर चढून बसला.

"जरा दम धर, बाई," तो म्हणाला. "उद्या घाट, परवा उतार, की झालं."

दुसऱ्या दिवशी घाटाचा चढ लागला. एकच जोडी होती, आणि ओझं घोडीचं. बैल दहा पावलं ओढायचे, थांबायचे, पुन्हा हिसका द्यायचे. प्रत्येक हिसक्याला पाखरीचा तोल जायचा आणि दुखरा पाय आपोआप खाली टेकायचा. संध्याकाळी येसबानं हात लावून बघितला, तर पाय गुडघ्यापर्यंत सुजून गरम झाला होता.

माथ्यावर एक धर्मशाळा होती. तिथं दोन धडधाकट माणसं बसलेली होती. त्यांतल्या एकाला एक होन देऊन सोबत घेतलं असतं तर तो आनंदानं आला असता. येसबाचा हात कमरेकडे गेलाही. पण मन म्हणालं, तो होन तर पिठाचा. आणि दुसरं मन म्हणालं, म्हाताऱ्यानं काटकसर केली, ती मी का भरून काढू? अरे, कुणाच्या रागाचा हिशेब कुणाच्या पायावर मांडतोस! पण हे त्याला तेव्हा सांगायला तिथं कुणी नव्हतं. हात कमरेवरून खाली आला.

तिसऱ्या दिवशी उतार होता.

पहिली तीन वळणं येसबानं बैलांचे कासरे ओढून, स्वतःच्या टाचा रोवून निभावली. चौथ्या वळणाला वाट ओली होती. गाडा मागून रेटा द्यायला लागला. चाकाला उटी लावायला हवी होती. तो उडी मारून उतरला तर कासरे सुटणार, कासरे धरून बसला तर उटी लावणार कोण? एवढ्या विचारात गाडा सुटला. वीस-पंचवीस पावलं धडधडत गेला, आणि डाव्या अंगाच्या दरडीला आपटून थांबला.

पट्टा तुटला नाही. कठडेही मोडले नाहीत. येसबाचा गाडा पक्का होता. पण पाखरी पट्ट्यातून घसरून आत पडली होती, आणि पडली होती ती त्याच पायावर.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर येसबाला बरं वाटलं असतं. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिच्या अंगावरून थरथर जात राहिली. त्यानं पट्टा ओढून, खांदा लावून, रडत रडत तिला उभी केली. मग पागोटं सोडून तिचा पाय गुंडाळला. अंगातला सदरा काढून तिच्या पायाखाली घातला, अंगावरचं कांबळं घातलं, बैलांच्या वैरणीतलं अर्धं गवत घातलं. जे निघतानाच घालायला हवं होतं, ते आता घातलं.

चौथ्या दिवशी दुपारी तो सलोत्र्याच्या दारात पोचला.

सलोत्री कमी बोलणारा माणूस होता. त्यानं पागोटं सोडलं, पाय बघितला, हलक्या हातानं पुन्हा गुंडाळला. मग हात धुतले.

"शीर ताणलेली होती, ती तुटली," तो म्हणाला. "खालचं हाडही गेलं. किती मुक्काम केलेस?"

"घोडी एकदाही उतरवली नाही," येसबा म्हणाला.

"दोन दिवस उशिरा आला असतास," सलोत्री म्हणाला, "तर वाचली असती."

पाखरीला झाडाखाली गवताच्या गादीवर निजवलं. खूप गवत होतं तिथं, हवं तेवढं. येसबा दोन दिवस तिच्या उशाशी बसून होता. माशा हाकलत होता, ओंजळीनं पाणी पाजत होता. तिनं पाणी घेतलं, चारा घेतला नाही.

सहाव्या दिवशी सकाळी वैद्यबुवा पायवाटेनं उतरून आले. अंगावर धूळ, पायात गोळे, पण चेहरा उजळलेला. लांबूनच त्यांनी गाडा बघितला आणि हात वर केला.

"अरे वा! माझ्या आधी पोचलास! शाबास रे येसबा!"

येसबाला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

पुढचं मी फार सांगत नाही. वैद्यबुवांनी पाखरीचं डोकं मांडीवर घेतलं. आयुष्यभर माणसांच्या नाड्या बघितलेला तो माणूस. त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही. पाखरीनं त्यांच्या पिशवीला नाक लावलं. ऊन माथ्यावर यायच्या आत सगळं संपलं.

मग येसबानं कमरेचे उरलेले होन सोडले आणि वैद्यबुवांच्या पायाशी ठेवले.

"बुवा, पाचात नीट नेता येत नव्हती," तो म्हणाला. "मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. एक बोट गवताचं होतं, एक जोडीचं, एक गड्याचं, एक मुक्कामांचं. तुम्ही एकेक खाली आणलंत आणि मी एकेक मिटत गेलो."

वैद्यबुवांनी वर बघितलं. मग त्यांनी कनवटीची गाठ सोडली. त्यात पाच होन होते.

"वाड्यांनी दहा दिले होते," ते म्हणाले. "मला वाटलं, सलोत्र्याचं औषध महाग असेल. दोन महिन्यांचं औषध, म्हणून पाच बाजूला ठेवले. मला बाजारात कुणीतरी सांगितलं होतं, गाडीवान नऊ मागतात आणि पाचावर येतात. मला वाटलं, मी तुझा नफा कमी करतोय. येसबा, मी घोडीचं गवत कमी करतोय हे मला कुठं ठाऊक होतं? तू एकदा बोलला असतास, तर मी नऊच्या नऊ दिले असते. औषधासाठी दारोदार मागितलं असतं."

"तुम्ही एकदा विचारलं असतंत बुवा," येसबा म्हणाला, "तर मी सगळं सांगितलं असतं."

"हो रे," वैद्यबुवा म्हणाले. "मीही विचारलं नाही."

सलोत्र्यानं औषधाचे पैसे घेतले नाहीत. औषध लागलंच नव्हतं. ज्यासाठी राखले, ते पाच होन तसेच राहिले, आणि जिच्यासाठी राखले ती गेली.

येसबाकडचे होनही वैद्यबुवांनी परत घेतले नाहीत. "ते घेऊन मी काय करू?" एवढंच म्हणाले. रागानं म्हणाले असते तर येसबानं ऐकून घेतलं असतं. ते अगदी हळू म्हणाले.

परतीच्या वाटेला येसबानं हात जोडले. "बुवा, निदान गाड्यात बसा. घाट मोठा आहे."

"तिच्या जागेवर मला बसवणार नाही रे," वैद्यबुवा म्हणाले, आणि काठी टेकत चालू लागले. येसबाही मग धुरेवर बसला नाही. चार दिवस रिकामा गाडा वाजत राहिला आणि दोन माणसं त्याच्या दोन्ही बाजूंनी चालत राहिली.

त्यानंतर येसबानं भाव कधी रुमालाखाली ठरवला नाही. गिऱ्हाईकासमोर बसून मोठ्यानं सांगायचा, हे वैरणीचे, हे गवताचे, हे गड्याचे, हा माझा, आणि यातलं काही कमी करायचं असेल तर आधी माझा करा. बाजारातले लोक हसायचे, येसबा कच्चा झाला म्हणायचे. त्यानं वाद घातला नाही. त्यानं नेलेल्या एकाही जनावराला पुढं धक्का लागला नाही. पण पाखरी काही परत आली नाही.

नवी घोडी घ्यायला उरलेले पाच होन पुरत नव्हते, आणि वाडीवाल्यांकडे आणखी नव्हते. वैद्यबुवा पायी फिरू लागले. दिवसाला तीन वाड्या व्हायच्या, तिथं एक व्हायला लागली, आणि गुडघे धरले तेव्हा तीही होईना. लांबच्या चार वाड्या सुटल्याच. तिथली माणसं आजाऱ्याला घोंगडीची झोळी करून, बांबूला बांधून, पठार उतरवून बाजाराच्या गावी औषधपाण्याला आणायची. त्यांची वाट येसबाच्या अंगणावरूनच जायची. काही झोळ्या वेळेवर पोचायच्या, आणि काहींत वाटेतच जीव गेलेला असायचा, त्या त्याच अंगणापासून मुकाट्यानं माघारी फिरायच्या. अशी झोळी माघारी फिरली की येसबा उठून उभा राहायचा, ती चढणीला लागेपर्यंत हात जोडून उभाच राहायचा, आणि सारजानं वाढलेलं ताट त्या दिवशी तसंच राहायचं.

म्हणून सांगतो, लहानांनो आणि मोठ्यांनो: भाव ठरवताना दोघांनी जे मनात ठेवलं, त्याची किंमत तिसऱ्याला द्यावी लागते, आणि त्या तिसऱ्याला बहुतेक वेळा बोलता येत नसतं.